पंचनाम्यातलं गंजलेलं कुलूप

विरेश,

तुला चौकशीची नोटीस आली हे कळल्यावर मी कँटीनमध्ये दुसरा चहा घेतला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला.

उमरग्यातल्या गोदामाचं कुलूप तू पंच न नेताच तोडलंस अन् चोरीचा माल पकडलास. दुसऱ्या दिवशी आपल्या पोलीस ठाण्यात येऊन म्हणालास, "दीक्षा, तेवढं कागदावर बसव." मी बसवलं. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला अन् शिंप्याला पंच करून सह्या घेतल्या. कुलूप गंजलेलं होतं, तिसऱ्या घावाला तुटलं, हेसुद्धा मीच टाइप केलं. ते कुलूप मी आजवर बघितलेलं न्हाय. खाली सही तुझी.

झेंडावंदनाला प्रशस्तिपत्र तुला मिळालं. पेपरात तुझ्या फोटोखाली 'एकहाती तपास' असं छापून आलं. ते कात्रण तू मलाच दाखवायला आणलंस. लई जळले मी त्या दिवशी.

आता आरोपीच्या वकिलानं शोधून काढलंय, की छाप्याच्या दिवशी शिंपी बायकोला घेऊन सोलापूरच्या दवाखान्यात होता. काल चौकशी अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "यात तुमचा काही संबंध?"

नाही म्हटलं असतं तर सुटले असते. पण समोर तुझी नोटीस पडली होती. तिच्यातही नाव तुझं एकट्याचंच.

मी म्हणाले, "साहेब, तो पंचनामा माझा आहे. माझं नाव घाला."

हे पत्र तुला देणार न्हाय. नव्या नोटिशीत वाचशीलच.

दीक्षा,
ठाण्याची रायटर