दुरुस्त केलेला ळ

चि. धाकट्यास,

थोरल्या भावाचे आशीर्वाद, अजून उपयोगी पडत असतील तर. तुझी प्रकृती उत्तम असेलच; गार खोलीत बसून बिस्किटांच्या पुड्यांची चित्रं करणाऱ्या माणसाला काय धाड भरणार? माझा उजवा खांदा आहे तिथेच आहे, फक्त वर जात नाही. तुझ्या वहिनीने आठवण सांगितली आहे आणि मला 'जरा नीट लिहा' असंही सांगितलं आहे. पैकी पहिलं तेवढं कळवतो.

पत्रास कारण तुझी पुतणी. तिची दहावी झाली आणि शाळेने पुढच्या दोन वर्षांसाठी चार मुख्य विषय निवडायचा फॉर्म दिला. पोरीने लिहिलं: चित्रकला, संगणक, गणित, भाषा. हे कसलं कडबोळं, म्हणून विचारलं, तर म्हणे ग्राफिक डिझाइनला जायचंय. आमच्या घरात हा शब्द! सव्वीस वर्षं मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग तुमच्या जातीच्या लोकांनी संगणकावर अक्षरं ठोकून फ्लेक्स छापायला सुरुवात केली आणि माझी शिडी अडगळीत गेली. (तूही अक्षरं त्याच शिडीखाली उभा राहून शिकलास आणि मग पलीकडच्या पंगतीला जाऊन बसलास, हा विषय मी काढत नाही.) हल्ली मी इस्पितळाच्या भिंती रंगवतो. पांढऱ्या. त्यांवर एक अक्षर लिहायचं नसतं. तेव्हा मी पेन घेतलं, चित्रकला खोडली आणि फिजिक्स लिहिलं. पोरगी जेवून उठली. तिसऱ्या दिवशी शाळेतून मला बोलावणं आलं.

तिथल्या समुपदेशक बाई अतिशय गोड बोलतात, म्हणजे भांडायची सोयच नाही. त्यांनी मला पहिलीतल्या पोराच्या खुर्चीत बसवलं (गुडघे हनुवटीला) आणि समजावलं की हाताला वळण लागायला चित्रकला, हत्यार म्हणून संगणक, मापाला भूमिती, आणि जे लिहायचं ते कळावं म्हणून भाषा. मी म्हटलं, "बाई, हे चारही विषय मी शिडीवर शिकलो, भर उन्हात." तर म्हणतात, "अरे वा! मग तुम्हाला पटलंच असेल."

एवढ्यात चित्रकलेचे मास्तर एक वही घेऊन आले. तुझ्या पुतणीने वर्षभर गावभर हिंडून माझ्या उरल्यासुरल्या पाट्या त्यात उतरवून घेतल्या होत्या: शिंप्याची, दाताच्या डॉक्टरची, सायकलवाल्याची (त्याची तर फ्लेक्सच्या मागे अर्धी दिसते, त्या फ्लेक्सखाली ही डोकं घालून उभी राहिली म्हणे). त्यांतून निवडून संगणकावर अख्खी बाराखडी करून वहीत चिकटवली होती. मला पत्ता नाही. मास्तर म्हणाले, "ही अक्षरं कुणाची, ते ती सांगत नाही. तुम्हाला काही कल्पना?"

मी पानं उलटत होतो. ळ आला आणि थांबलो. माझ्या ळची डावी गाठ जाड, उजवी बारीक. हिने दोन्ही सारख्या केल्या होत्या. वर शेरा: 'दुरुस्त केला'.

"हा ळ चुकलाय," मी म्हणालो.

"नाही हो, तिने सुधारलाय."

"तेच म्हणतोय मी."

पुढे ळवरून आमची अशी जुंपली की बाईंनी उठून दार लावलं. शेवटी पोरीला वर्गातून बोलावलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, दुसऱ्या गाठीपर्यंत तुमच्या ब्रशातला रंग संपायचा. तुम्हाला अक्षर तसं नव्हतं काढायचं."

सव्वीस वर्षांत एका गिऱ्हाइकाला हे दिसलं नाही, धाकट्या. तुलाही नाही. अशा वेळी मी जे करतो तेच केलं. "फिजिक्सच राहील," असं ओरडलो आणि निघून आलो.

तेव्हापासून ती माझ्याशी आईमार्फत बोलते. फिजिक्सचं पुस्तक आणलंय, त्याला कव्हर घालून वर नाव लिहिलंय. अक्षरांतलं अंतर इतकं नेमकं की संतापून मी दोनदा पाहिलं. पण माझा निर्णय पक्का आहे. उद्या आणखी कुठलं यंत्र येईल आणि तिलाही अडगळीत टाकेल. तुलाही टाकेल, जपून राहा.

तुझा,
थोरला

ता. क. फॉर्म शुक्रवारपर्यंत बदलता येतो. काल शाळेत जाऊन फिजिक्स खोडून आलो. (वहिनीला कळवू नकोस, फार खूश होते.) पण चित्रकलेसाठी या क्षेत्रातल्या जाणत्या माणसाचं शिफारसपत्र लागतं. तुझ्या ऑफिसच्या कागदावर चार ओळी लिहून लगेच धाड. स्वतःबद्दल कमी लिही.

ता. क. दुसरा. शिफारस करणाऱ्याच्या रकान्यात तिने आधीच एक नाव लिहिलं होतं. माझं. पुढे व्यवसाय: अक्षरचित्रकार. बाई चालेल म्हणत होत्या. मीच ते खोडून तुझं घातलं. पोरीला वाटेल शाळेने बदलायला लावलं. तसंच वाटू दे.