खरवडलेला शब्द

सातारा,
१४ मे २०२५

प्रिय श्रद्धा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बाबांचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे. दुपारी पंखासुद्धा गरम वारा फेकतो, पण संध्याकाळी यवतेश्वराकडून थोडी झुळूक येते, तेव्हा गच्चीत बसते. काल आंबेडाळ केली आणि तू आठवलीस. लहानपणी तिच्यातली कढीपत्त्याची पानं वेचून तू काकांच्या ताटात टाकायचीस आणि ते मुकाट्याने खायचे.

तू फोनवर जे विचारलंस त्याचं उत्तर पत्रात देते, कारण फोनवर माझी गडबड होते.

तुझ्या कार्यक्रमातल्या, बनुबाईंच्या भागातल्या त्या ओळीबद्दल. मयूरीने चित्रण पाठवलं, मी नेहमीसारखा हेडफोन लावून एकेक वाक्य थांबवत लिहून काढलं. पडद्याच्या तळाशी द्यायच्या ओळी, वर शुद्ध मराठी, खाली इंग्रजी. बनुबाई म्हणतात, "वडा बुजवला त्येंनी." मी मराठी ओळीत लिहिलं, "वाडा पाडला त्यांनी." तू म्हणालीस, "काकू, बुजवला म्हणतायत त्या. वाडा कोण बुजवतं?" बरोबर आहे तुझं. त्यांचा 'वडा' म्हणजे ओढा, त्याबद्दलच त्या बोलत होत्या. चुकलंच. कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.

आमच्या सिस्टर अगाथा असत्या तर पट्टी बसली असती. डिक्टेशनच्या तासाला त्या वर्गात फिरत म्हणायच्या, कानावर पडलं तेच लिहायचं, मनातलं नाही.

पण लोकांना तो भाग किती आवडला बघ. कुणी लिहिलंय, आजोळच्या वाड्याची आठवण येऊन रडले. कुणी लिहिलंय, अशीच आपली सांगली एकेक भिंत करून गेली. हळद साठवायच्या जमिनीतल्या पेवांवर तुम्ही दोघी एवढ्या राबलात, कल्हईवाल्याच्या मागे महिनाभर फिरलात, त्या भागांना याच्या चौथाईनेही माणसं आली नव्हती. मग एका शब्दासाठी तो उतरवायचा का? तुझा कार्यक्रम, तू ठरव. मला आपलं वाटलं.

मयूरीला सांग, 'पाणी उतरल्यावर' ही शीर्षकाची अक्षरं नव्या रंगात हवी होती ती लिहून ठेवली आहेत. ल्याचं वळण या वेळी छान आलंय.

तुझी,
काकू

·

सातारा,
२६ मे

प्रिय श्रद्धा,

तीन दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून मयूरीला लावला. ती म्हणाली, "काकू, ती रडत नाहीये. नुसती भांडी घासतेय. तीच तीच, तिसऱ्यांदा."

तिच्याकडूनच सगळं कळलं. तू ती ओळ दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केलीस, पण त्याआधीच ऋषिराजने तिचा फोटो काढून स्लॅबच्या परवानगीच्या सुनावणीच्या फायलीत लावला. लालासाहेबांनी ब्याण्णव साली ओढा बुजवून प्लॉट पाडले, त्यांचाच हा मुलगा. उरलेल्या ओढ्यावर स्लॅब टाकायला तोच निघाला आहे. त्याचं म्हणणं असं की, म्हातारी सांगते इथे वाडा होता, वाडा तर कुठल्याच कागदावर नाही, ओढाही मंजूर नकाशावर नाही, तेव्हा या बाईच्या हरकतीला काय अर्थ? आणि वस्तीतून हरकत देणाऱ्या त्या एकट्या आहेत.

म्हणजे सहा जूनला बनुबाई तिथे उभ्या राहतील आणि लोक हसतील. स्लॅब झाला की पाणी वळून त्यांच्याच वस्तीत येणार, हे तुझ्या भागात तू किती नीट दाखवलं होतंस.

मी तुम्हाला असं पत्र लिहून देऊ का, की चूक माझी होती? वय झालेल्या बाईचे कान, असं काहीतरी?

लालासाहेबांचाही फोन येऊन गेला, खुशाली विचारायला. काकांची आणि त्यांची जुनी ओळख, तुला माहीत आहे.

जेवत जा. मयूरीवर ओरडू नकोस.

काकू

·

सातारा,
१ जून

श्रद्धा,

काल मी सांगलीला येऊन गेले. तुझ्याकडे आले नाही. सकाळच्या एसटीने उतरून रिक्षाने सरळ बनुबाईंकडे गेले आणि दुपारच्या गाडीने परतले.

त्या दारात लसूण सोलत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुमी बी वाडा बघाय आला व्हय?"

मी म्हटलं, नाही.

"मग बसा. पोरी येत्यात फोन घिऊन. आज्जी, वाडा कुटं हुता, म्हनत्यात. म्या म्हनलं, माज्या म्हाताऱ्याला पत्रा बदलाय जमला न्हाई, त्यो वाडा कवा बांधनार?" आणि खळखळून हसल्या. दात दोनच आहेत, पण हसणं भरपूर.

घरात भिंतीवर एकोणीसच्या पुराची रेघ आहे, देवाच्या फळीच्याही वर. मी तिच्याकडे बघत होते तर त्या म्हणाल्या, "ती नदीची. ती काय रोज येत न्हाई. ही खालची बघा, ही वड्याची. ही दर साली. वड्याला कळंना कुटं जावं, मग येतोय माज्या चुलीत."

खालची रेघ माझ्या गुडघ्याएवढी होती. एक नव्हे, खूप रेघा होत्या, एकीवर एक.

मग लसूण सोलता सोलता त्या म्हणाल्या, "प्लाट पाडलं तवा मोजायला एक सायब आल्ता. काळी छत्री, बांबूच्या दांड्याची. लय चांगला मानूस. माज्याकडं पानी प्याला. म्या म्हनलं, सायब, वडा घ्या बरं का कागदावर. व्हय म्हनला. घेतो म्हनला."

मी कोण, हे त्यांना सांगितलं नाही. ती छत्री माझ्या दारामागच्या खुंटीला आहे, श्रद्धा. तूसुद्धा लहानपणी ती घेऊन अंगणात नाचली आहेस.

काकांनी ओढा कागदावर घेतला होता. हे तुला कळायला हवं. मोजणी करून आले आणि त्यांनी दोन समांतर रेघांनी तो ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर काढला, वळणासकट. त्यांच्या नकाशांवरची नावं मी लिहायची, माझं अक्षर कॉन्व्हेंटचं, म्हणून. विहीर, रस्ता, बाभळी, आणि ओढा. ते काळ्या शाईने मीच लिहिलं.

आठ दिवसांनी लालासाहेब आले. पोहे खाल्ले. म्हणाले, "सायब, उन्हाळ्यात ढोरं पळत्यात त्यातनं. त्याला वडा कोन म्हनंल?" काका त्या दिवशी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी काहीच म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर ते ट्रेसिंग पसरलं, त्यावर दाढीचं अर्धं ब्लेड ठेवलं आणि चपला घालून बाहेर गेले.

मी विचारू शकले असते. ब्लेड उचलून कपाटात ठेवू शकले असते. मी खरवडलं. आधी रेघा, मग अक्षरं. ट्रेसिंग न फाटता शाई खरवडायला हात हलका लागतो. माझा होता. काका परत आले तेव्हा जागा इतकी साफ होती, की मला त्या कामाचं कौतुक वाटलं होतं. हे लिहायला मला तेहतीस वर्षं लागली.

नंतर आम्ही साताऱ्याला आलो. त्या नकाशाचं नाव घरात कधी निघालं नाही. एकोणीसच्या पुरानंतर काका टीव्हीसमोर बसून सांगली बघत राहायचे, आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी तुला कॅमेरा घेऊन दिला. म्हणाले, "तू काढ गं हे सगळं." तू त्यांच्या गळ्यात पडलीस. मी स्वयंपाकघरात गेले, कारण तो कॅमेरा कशासाठी होता ते मला समजलं होतं. ते स्वतः सांगतील म्हणून मी वाट बघत राहिले. ते गेले. मग मला वाटलं, संपलं.

आणि मयूरीने बनुबाईंचं चित्रण पाठवलं.

माझे कान ठणठणीत आहेत. रहिमतपूरला माझ्या बाबांच्या दवाखान्यामागे वडाच होता. शाळेत जाईपर्यंत 'ओढा' असा काही शब्द असतो हेच मला माहीत नव्हतं. बनुबाईंचं ते वाक्य मी अकरा वेळा ऐकलं. अकराव्या वेळी 'वाडा' लिहिलं. मग 'बुजवला' जुळेना, म्हणून 'पाडला' केलं. एक काना दिला आणि सगळं सोपं झालं. माझ्यासारख्यांना वाड्यासाठी रडायला आवडतं. ओढ्यासाठी कोण रडतंय?

लालासाहेबांनी खुशाली विचारायला फोन केला नव्हता. भागाच्या शेवटी माझं नाव वाचून म्हणाले, "वैनी, लय उपकार झालं. आवं, आमच्या बापजाद्याला वाडा बांधता आला न्हाई, तुमी एका वळीत बांधला!" आणि हसले. त्यांना मी ओळखीची वाटले, याची मला शिसारी आली. पण त्यांची ओळख चुकीची नव्हती.

तेव्हा निदान समोर ब्लेड ठेवलेलं होतं. या वेळी तेही कुणी ठेवलं नव्हतं.

या पत्रासोबत पुठ्ठ्याची नळी येईल. त्यात ते ट्रेसिंग आहे. मंजुरीला त्याच्या निळ्या प्रती गेल्या, मूळ कागद काकांनी फेकला नाही. का ठेवला, मी विचारलं नाही. सपाट ठेवलास तर काहीच दिसणार नाही. खिडकीशी उजेडासमोर धर. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून विहिरीपर्यंत कागद धूसर दिसेल, तो ओढ्याचा मार्ग. मधोमध बोट फिरव, पेनाच्या टोकाची खाच अजून लागते. ओ. ढा. वर तारीख आहे, खाली काकांची सही.

हे पत्र कार्यक्रमात वाच. कापू नकोस. काकांचं नाव घ्यावं लागेल, ते घे. तुला त्रास होईल हे मला माहीत आहे. तुझ्या टेबलावर त्यांचा फोटो आहे. तो ठेवायचा की नाही हे मी तुला सांगणार नाही. वाचून दाखवणं नको वाटलं तर मयूरीला कॅमेरा लावायला सांग, मी बोलेन. पडद्यावरच्या खालच्या ओळी मात्र दुसऱ्या कुणाकडून लिहून घे.

सहा तारखेला मी सकाळच्या गाडीने येते. न्यायला येऊ नकोस, मी थेट सुनावणीला पोचेन आणि बनुबाईंच्या शेजारी बसेन, त्यांनी बसू दिलं तर. तिथे विचारतील, हे अक्षर कुणाचं. तू उत्तर देऊ नकोस, मी उभी राहीन.

छत्री घेऊन येते आहे. बनुबाईंनी मला ओळखलं नव्हतं. छत्री ओळखतील.

अक्षर जिचं आहे ती,
चारुशीला देवदत्त आठल्ये