आरशासमोर वेणी घालताना मी

३ जून

चि. माईस, अ. उ. आशीर्वाद.

सोमवारी सकाळी प्रार्थना आटोपून तुझ्या संस्थेचा फॉर्म भरायला बसलो. संशोधन करणाऱ्या बाई तुम्हा मनाच्या आजारातल्या माणसांच्या हाती कॅमेरे देणार, तुम्ही आपापला दिवस टिपायचा, मग त्याचं प्रदर्शन. चांगलंच आहे. पालक म्हणून मला एवढंच विचारलं होतं, की चेहरा दाखवावा की झाकावा. मी ‘झाकावा’वर खूण केली. माझ्या पोरीचं लग्न नुकतंच झालंय. तिच्या सासरी तुझ्या आजाराचं बोललेलो नाही, हे तुला ठाऊक आहे.

गोळ्या वेळेवर घे. कॅमेरा पाडू नकोस. माया आहेच, ती वाढू दे.

तुझा दादा

२० जून

ती. दादास, शि. सा. न.

कॅमेरा पाडला नाही. अकरा फोटो काढले. आरशासमोर वेणी घालताना मी, हा सगळ्यांत चांगला. त्यासाठी तीन दिवस सकाळच्या उजेडाची वाट पाहिली. काल छापून आला, तर मानेच्या वर नुसता राखाडी ठिपका. बाई म्हणाल्या, तुमच्या दादांनी तसं लिहून दिलंय. खिडकीतल्या मांजराचं तोंड मात्र मिशांसकट उघडं. त्याच्या भावाला कुणी विचारलं नसावं.

पंचेचाळीस वर्षांची बाई आहे मी. मला आवाज ऐकू येतात, दादा. तोंड शाबूत आहे. प्रदर्शन पाच जुलैला. ठिपका राहणार असेल तर माझा एकही फोटो लावू नका, असं सांगून ठेवलंय.

गोळ्या घेते. लोभ आहे, पण या आठवड्यात जरा कमी.

माई

२ जुलै

चि. माईस, अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी चिडलो. मग रोज प्रार्थनेला डोळे मिटले की तुझी वेणी दिसायची, तोंड दिसेना.

काल पोरीच्या सासरी जाऊन सगळं सांगून टाकलं. विहीणबाईंनी दोनदा विचारलं, की लग्नाआधी का नाही सांगितलं. पुढे काय होईल, देव जाणे. पोर मात्र दारापर्यंत आली आणि म्हणाली, आत्याला सांगा, पाच तारखेला मी येतेय.

आज संस्थेत गेलो. कारकून म्हणाला, भरलेला फॉर्म बदलता येत नाही. मी त्याच्या टेबलासमोर दोन तास बसून राहिलो. शेवटी वैतागून त्याने कोरा फॉर्म काढला.

कमी झालेला लोभ जमेल तसा भरून काढ. या वेळी मी कुठेच खूण केलेली नाही. पालकाच्या रकान्यात एवढंच लिहून आलो, की तिला विचारा.

तुझा दादा