बाबांनी आवळलेले बोल्ट

दादा,

त्या तपासणीवाल्या साहेबाने आपली गाडी नाही, आपले बाबाच भंगारात काढले. इंजिनाखाली तेलाचे चार थेंब दिसले की मारला ‘नापास’चा शिक्का! साहेब नालायक खराच, पण आज मी इंजिनाचं खालचं चेंबर उघडलं. सांध्यातून तेल गळू नये म्हणून बसवलेलं कॉर्कचं पॅकिंग पुन्हा चिरडलंय. लकव्याचा झटका आल्यापासून बाबांच्या बोटांना जोर कळत नाही. गळती थांबावी म्हणून ते रोज बोल्ट आवळतात, आणि त्यानेच ती वाढते.

नवं पॅकिंग बसवून मी कामावर चाललेय. सोमवारच्या फेरतपासणीपर्यंत पान्यांची पेटी माझ्या कपाटात कुलपात आहे. ते घरभर शोधतील, तुझ्यावर खेकसतील. ज्यांनी आपल्याला पाना धरायला शिकवलं, त्यांना “आता गाडीला हात लावू नका” कोण सांगणार? माझ्याच्याने होत नाही. तू सांगशील का? हो की नाही, इथेच खाली लिही.