मुंगीची तयारी

शनिवार, ३ ऑगस्ट

तारीख पडली. वीसला न्यायाधीशबाई मुंगीशी त्यांच्या खोलीत बोलणार. एकटीशी. मी नाही, तिची आई नाही, वकील नाहीत. घटस्फोट व्हायचा तेव्हा होईल – पण पोरगी कुणाकडे राहणार, ते ती आत काय बोलते त्यावर ठरणार. आठ वर्षांची आहे!

वकीलबाईंनी निघताना बजावलं, "तिला काही शिकवू नका हं. पढवलेलं पोर लगेच ओळखू येतं."

हे मला सांगतात! बावीस वर्षं वक्तृत्वाचे वर्ग घेतोय. माझा विद्यार्थी बोलायला लागला की परीक्षकांना वाटतं, आत्ताच सुचलं बिचाऱ्याला.

रविवार, ४ ऑगस्ट

शनिवार-रविवार मुंगी माझ्याकडे असते. आज वर्गातल्या खुर्च्या मागे सारल्या आणि तिला समोर उभं केलं. एकच वाक्य दिलं – आई कामाला जाताना मला बाहेरून कुलूप लावते.

"नाही लावत. शेजारच्या आजींकडे सोडते."

"एकदा लावलं होतं ना?"

"तेव्हा मला ताप होता. ती औषध आणायला गेली होती. लगेच आली."

"म्हणजे लावलं होतं."

हे काही खोटं नाही. खरंच आहे, जरा ताणलंय इतकंच. तिची आई माझ्याबद्दल कोर्टात काय काय लिहून देते ते वाचलं, तर माझ्या जागी कुणीही हेच करील.

शनिवार, १० ऑगस्ट

पाठ झालंय – नको इतकं. पाढे म्हटल्यासारखं घडाघडा म्हणते. सांगितलं, आधी आईची बाजू घे. "आई चांगली आहे" म्हण. मग थांब. खाली बघ. मग कुलूप.

"थांबायचं कशाला?"

"ऐकणाऱ्याला वाटतं, तुला सांगायचं नव्हतं."

एवढं कान देऊन तिने माझं कधी ऐकलेलं नाही. मग विचारलं, "असं बोललं की घर बदलतं?"

बदलतं म्हटलं.

रविवार, ११ ऑगस्ट

आरशासमोर सराव करत होती. मी सांगितलं नव्हतं. अंगावर काटा आला – अभिमानाने असेल.

शनिवार, १७ ऑगस्ट

दुकानात साबण घ्यायला गेलो. मुंगीने दुकानदाराला सांगितलं, आमचं मांजर गाडीखाली गेलं. खाली बघितलं. त्याने तिच्या हातावर चॉकलेट ठेवलं. आम्ही मांजर कधी पाळलंच नाही. मला हसू आवरेना. घरी येईपर्यंत ते कुठल्या कुठे गेलं.

तिला म्हटलं, असं उगाच बोलू नये. "उगाच नाही, सराव," म्हणाली.

मंगळवार, २० ऑगस्ट

वीस मिनिटं आत होती. मी एका बाकावर, तिची आई दुसऱ्या. बाहेर आली तेव्हा दोघांकडेही बघितलं नाही. न्यायाधीशबाई दारापर्यंत सोडायला आल्या होत्या. त्यांचे डोळे लाल होते.

मंगळवार, २७ ऑगस्ट

जिंकलो! मुंगी माझ्याकडे. आईने दर दुसऱ्या रविवारी दोन तास भेटायचं. कोर्टाच्या समुपदेशकबाई महिन्यातून एकदा मुलीशी बोलणार, सगळं ठीक आहे ना बघायला.

जिन्यात तिची आई समोर आली. "कुलूप?" एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला लाज वाटली. कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो – फार वाटली. पण पोरगी माझ्या घरी आहे.

रविवार, ८ सप्टेंबर

आईला भेटून आली. रडली नाही, हट्ट नाही. ताट स्वतः विसळलं. मग शहाण्यासारखं विचारलं,

"उद्या त्या बाई माझ्या एकटीशीच बोलणार ना?"

"हो. का गं?"

"काही नाही. तू बाहेर बस."

सोमवार, ९ सप्टेंबर

बाहेर बसून होतो, मुंगी आलीच नाही. मग वकीलबाईंचा फोन. मुंगीला आजच आईकडे नेलं. समुपदेशकबाईंना ती म्हणाली – "बाबा चांगला आहे. मारायच्या आधी तो पडदे ओढून घेतो, म्हणजे मला कुणी हसत नाही."

मी तिच्यावर कधी हात उगारलेला नाही. हे वाक्य मी दिलेलं नाही. मला सुचलंच नसतं.