माझी टीप सरळ आहे

रविवार, ३ मार्च

आज फोटोच्या क्लासला पहिल्यांदा गेले. वाचनालयाच्या वरची खोली, बारा खुर्च्या, त्यातल्या दोन लंगड्या. मास्तर माझ्या मुलापेक्षा लहान. मान एवढीशी आणि शर्टाची कॉलर साडेपंधराची, घालायला हवी चौदाची. बसल्या बसल्या त्याला सांगून टाकलं. आवडलं नसावं.

तो म्हणाला, प्रत्येकाने वही ठेवा, आपल्या फोटोला लोक काय म्हणाले ते लिहा, माणूस त्यातून शिकतो. माझी शाळा चौथीत सुटली, पण लिहिता येतं. नवी वही कशाला, मापांच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी आहेत. ही कुणी वाचायची नाही.

क्लास कशासाठी तेही लिहून ठेवते. आमचं कपडे दुरुस्तीचं दुकान. पँट आखूड करणं, कोट आत घेणं, चेन बदलणं. तीस वर्षं मी मशीनवर बसते. गेल्या वर्षापासून गिऱ्हाईक कमी झालंय. लोकांना कामाची पारख राहिली नाही, दुसरं काय. मुलाने स्वतःला नवा कॅमेरा घेतला, जुना मला दिला. म्हणाला, कामाचे चांगले फोटो काढून दुकानाच्या काचेवर लाव, लोक परत येतील. कल्पना माझीच होती, त्याने आधी बोलून टाकली.

सहा रविवारांचा क्लास. शेवटच्या रविवारी खालच्या हॉलमध्ये प्रत्येकाचा एक फोटो लागणार, मास्तरला पसंत पडला तर. माझा पडणार. तोच मग काचेवर.

मंगळवार, ५ मार्च

तीस फोटो काढले. सगळे उत्तम.

कॅमेऱ्याला एक खटका आहे. एका बाजूला केला की कॅमेरा फोकस आपोआप लावतो, दुसऱ्या बाजूला केला की आपण रिंग फिरवून लावायचा. मी दुसऱ्या बाजूला केला. माझी नजर म्हणजे टेप आहे. कुणाची पँट पाव इंच लांब आहे हे मला रस्त्याच्या पलीकडून कळतं. यंत्राने मला शिकवू नये.

सून म्हणाली, आई, जरा धूसर आलेत का. म्हटलं, तू आधी सुईत दोरा ओव. दुकानातल्या सगळ्या सुयांत दोरा तीच ओवते, तेवढं एक काम तिला धड येतं. शिवाय हल्ली सुयांची भोकं फार बारीक काढतात.

रविवार, १० मार्च

या क्लासचा एक नियम आहे. ज्याचा फोटो भिंतीवर दाखवतात, त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीचे सगळे बोलणार. शेवटी आपण फक्त थँक्यू म्हणायचं. असला नियम ज्याने काढला त्याच्या घरी कुणी सासू नसणार.

माझा फोटो लावला. नर्सबाई नव्या मापाच्या युनिफॉर्ममध्ये, आमच्या दुकानात. रिटायर झालेला एक बँकवाला आहे, प्रत्येक वाक्य माझ्या मते असं सुरू करतो. म्हणाला, माझ्या मते धुकं छान पकडलंय. धुकं नव्हतं. माझं दुकान होतं.

एक शाळेतल्या बाई आहेत. त्यांनी विचारलं, या बाईंचं डोकं कुठे गेलं. म्हटलं, डोक्याला कुठे टीप मारायची असते. खांद्यापासून खाली बघा, खांदा कसा बसलाय. मास्तरने ओठांवर बोट ठेवलं, बालवाडीतल्या पोरासारखं. माझ्यासाठी.

फोटो भिंतीवर धुरकट दिसला हे खरं. बाकीच्यांचे स्वच्छ दिसले. माझ्या वेळेलाच त्याने मशीनचं काहीतरी फिरवलं असणार. कॉलरचा राग.

पुढच्या रविवारी तोंड उघडायचं नाही. ठरलं.

बुधवार, १३ मार्च

काळं रीळ आठ दिवसांत संपलं. पूर्वी महिना जायचं. सून दोरा खाते की काय.

माझं ब्लेडही जाग्यावर नव्हतं. सापडलं तिच्या ड्रॉवरमध्ये. म्हटलं, तुला कशाला उसवायला लागतं, तू शिवतेसच किती. ती म्हणाली, असंच. काही विचारलं की असंच. संध्याकाळी दुकानाचं दार ओढून घेतल्यावरसुद्धा ती तासभर मागे राहते. इस्त्री करते म्हणे. सहा कपड्यांना तास. हात जरा चालव म्हणून सांगितलं. मुलाला बायको बघताना मी हातांकडे बघायला हवं होतं.

रविवार, १७ मार्च

तोंड चार वेळा उघडलं. पण चारही वेळा कारण होतं.

आज इस्त्रीच्या टेबलाचा फोटो होता. बँकवाला म्हणाला, माझ्या मते समुद्र असावा. मास्तर म्हणाला, रचना बरी आहे, उजेड बरा आहे, पण काहीच स्वच्छ नाही, खटका ऑटोवर ठेवून बघा. म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून मी अंदाजाने कापड कापते.

क्लास सुटल्यावर त्याने मला जिन्याशी थांबवलं. हळू आवाजात विचारलं, डोळे शेवटचे कधी तपासलेत. मी विचारलं, कॉलर कधी बदलणार. मग तो गेला.

चष्मा आळशी लोकांना लागतो. मी कुठलीही वस्तू हात लांब करून धरते, लख्ख दिसते. ही वहीसुद्धा अशीच लिहिते. हात दुखतो तो वयाने.

शुक्रवार, २२ मार्च

नर्सबाई पँट परत घेऊन आली. एक पाय बोटभर आखूड. तिला म्हटलं, दिवसभर उभं राहून तुमचाच एक पाय लांब झालाय. ती हसली नाही. म्हणाली, यापुढे हॉस्पिटलजवळच्या दुकानात टाकेन. वीस वर्षांचं गिऱ्हाईक.

वहीत तारीख बघितली. ती पँट मी दिली तेव्हा सून चार दिवस माहेरी होती. परवा दोन पडदे परत आले, तेही त्याच चार दिवसांतले. म्हणजे ही दुकानात नसली की लोक माझ्या डोक्यावर बसतात. यापुढे माहेर बंद.

रविवार, २४ मार्च

मास्तरने माझ्या हातातून कॅमेरा घेतला, खटका ऑटोवर केला आणि वर चिकटपट्टी लावली. सगळ्यांसमोर. म्हणाला, एक आठवडा एवढं ऐका. आणि तुम्हाला जे काम सगळ्यात चांगलं कळतं त्याच्या अगदी जवळ जा. माणसं राहू द्या, टेबलं राहू द्या.

आजच्या फोटोवर कुणीच काही बोललं नाही. बँकवाल्याचंसुद्धा मत झालं नाही. बटण होतं ते.

आता यांना दाखवतेच. माझी टीप दाखवते. जवळून.

गुरुवार, २८ मार्च, सकाळी ११

फोटो काढला. एकच. एकच पुरे.

टपालवाल्याचा रेनकोट घेतला. परवाच मी त्याची खालची दुमड घातली. मुद्दाम तोच घेतला, कारण रबरी कापडाला एकदा सुई टोचली की भोक बुजत नाही. चूक लपत नाही. असल्या कापडाला हात लावायची हिंमत या गावात फक्त माझ्यात आहे.

कोट खिडकीला टांगला, पलीकडून ऊन. सून मागून धावत आली. म्हणाली, आई, हा नको, दुसरा घ्या. विचारलं का. म्हणाली, याची घडी मोडलीय. रेनकोटला कसली घडी. तिने कोट ओढला, मी ओढला. माझा हात मशीन चालवलेला आहे, तिचा नाही. मला चांगलं म्हटलेलं हिला बघवत नाही.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर बघितलं. काळं, मध्ये चमचम. झकास.

रविवार, ३१ मार्च

फोटो भिंतीवर आला. भिंतीएवढा. आणि स्वच्छ. मी शेवटच्या रांगेत होते. लांबचं मला उत्तम दिसतं.

मग बँकवाला खुर्चीतून उठला. म्हणाला, माझ्या मते या क्लासमधला हा सगळ्यात चांगला फोटो. वर भोकांची एक ओळ आहे, प्रत्येक भोकातून उजेड येतोय. ती ओळ मध्येच वर चढते, मध्येच घसरते, एके ठिकाणी तर काठावरून पडता पडता राहिलीय. आणि तिच्या खालून खरी टीप, एकदम सरळ. शाळेतल्या बाई म्हणाल्या, अंधारात चुकलेल्या माणसाच्या मागे कुणीतरी त्याला कळू न देता चालत गेल्यासारखं वाटतं. त्यांनी डोळे पुसले. फोटो बघून.

मास्तर म्हणाला, भोकं म्हणजे आधीची टीप ना, उसवलेली.

त्या कोटाला मी एकदाच टीप मारली. मी काही उसवलं नव्हतं.

माझं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही आलं नाही. मास्तरला वाटलं, अखेर नियम कळला. त्याने विचारलं, उसवलेली ओळ तुम्ही मुद्दाम दाखवलीत का. म्हटलं, हो. मुद्दाम. मग थँक्यू म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतकं वाईट या क्लासमध्ये मला कधी कुणी वागवलं नव्हतं.

सोमवार, १ एप्रिल

दुकानातले तयार कपडे एकेक करून खिडकीशी नेले. साध्या कापडाची भोकं बुजतात, म्हणून फोटो काढून, मोठे करून, हात लांब धरून बघितले. मास्तरची चिकटपट्टी काढली नाही. शाळेचे चार स्कर्ट. वकिलाची पँट. पडद्यांची जोडी. सगळीकडे एक ओळ पुसट, एक पक्की. पुसट माझी, हे मी बघताक्षणी ओळखलं. म्हणजे नजर शाबूत आहे.

सून कोपऱ्यात दोरा ओवत होती. तिला सांगितलं, उद्यापासून मशीनवर तू बस, मला फोटोंमुळे वेळ होत नाही. ती म्हणाली, बरं, आई. वर बघितलंही नाही. उठली, ड्रॉवरमधून ब्लेड काढलं आणि माझ्या डब्यात ठेवलं.

म्हटलं, बटणं मी लावेन. ती म्हणाली, चष्मा लावून लावा.

उर्मट झालीय.

रविवार, ७ एप्रिल

हॉलमध्ये अकरा फोटो लागले. माझा मधोमध. मास्तरने विचारलं, खाली नाव काय लिहू. मी आधी ठरवलं होतं, माझी टीप. म्हटलं, रेनकोट लिही.

टांगला मीच. मास्तर फूटपट्टी घेऊन आला होता. म्हटलं, ठेव ती, मला नजरेने कळतं. त्याची कॉलर आज चौदाची होती. मी काही बोलले नाही.

दुपारी सून बघायला आली. फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. शेवटी मीच विचारलं, कसा आहे. ती म्हणाली, छान आहे, आई. उजवीकडे जरा उतरलाय.

मला सरळच दिसत होता.

तिने पुढे होऊन कोपरा बोटभर वर केला. मी तोंड उघडलं नाही. थँक्यू तेवढं म्हटलं, नियम आहे म्हणून.