लाजाळू कुणाची

प्रिय ठमाबाई,

मागच्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, "आई, लाजाळूला इकडे पाठवशील? संघाच्या निवडीला मला तिच्यावरच बसायचंय." मी म्हटलं, कळवते. तेव्हापासून तू रोज फोन करतेस, हवापाण्याबद्दल बोलतेस आणि घोडीचा विषय काढत नाहीस, यावरूनच तुझी धाकधूक कळते. उत्तर देणारच आहे. पण आधी रविवारच्या स्पर्धेची हकिकत माझ्याकडून ऐक. बाबांनी सांगितली असेलच, पण त्यांच्या हकिकतीत घोडीपेक्षा गाडी कुठे लावली हेच जास्त असतं.

घोडी घेतली ती तुझ्यासाठीच. विकणारा म्हणाला होता, चाली, दौड, उड्या, तिन्ही प्रकारांत चालेल, फक्त जरा हळवी आहे. जरा म्हणे! पाण्याची बादली उजवीकडून डावीकडे ठेवली तर बाईसाहेब दाण्याला तोंड लावायच्या नाहीत. कागदावर तिचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण तू पहिल्याच दिवशी लाजाळू म्हणालीस आणि तेच चिकटलं. तुम्ही दोघींनी केवढी बक्षिसं आणलीत! मला आजही ते आठवलं की ऊर भरून येतो. रविवारी तू जिंकायचीस आणि बाकीचे दिवस मी तिला फिरवायचे, खरारा करायचे. दवाखान्यात खुर्चीवर आडवे झालेले पेशंट माझ्या बाहीवरचे तांबडे केस बघून गोंधळायचे.

तू शिकायला गेलीस आणि ती बसून राहू नये म्हणून मी रोज खोगीर चढवायला लागले. कॉलेजात असताना थोडंफार बसायचे, त्याच्या जोरावर. सुरुवातीला तिने मला रडकुंडीला आणलं. तुझे घोडेस्वारीचे मास्तर म्हणाले, बाई, तुमचा हात हलका आहे, तेवढं पुरे. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात हात घालणाऱ्या डेंटिस्टचा हात हलका नसेल तर दवाखाना बंदच करावा लागेल की. पण त्यात तथ्य होतं. घाबरलेल्या पेशंटला घाबरू नका म्हणून काही होत नाही. आता काय करणार ते सांगायचं आणि तो तोंड उघडेपर्यंत थांबायचं. लाजाळूशी मी तेच केलं, आणि हळूहळू आमचं जमलं. मग मास्तरांनी मला न विचारता स्पर्धेत माझं नाव घातलं. या वयात! मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही.

तर रविवार. सकाळी चालींची परीक्षा. आमचं छान चाललं होतं, तेवढ्यात पंचांच्या तंबूचं कापड फडफडलं आणि लाजाळू खेकड्यासारखी आडवी निघाली. पंचबाईंनी मान खाली घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं. दुपारी माळावरची दौड, ते न हलणारे लाकडी अडथळे. पाण्याच्या खड्ड्यापाशी ती नेहमी बिचकते, तुला माहीतच आहे. तू टाच द्यायचीस आणि ती जायची. माझ्या टाचेत तेवढा दम नाही, शिवाय मी तिरकी आले, चूक माझीच होती. ती मंदावली. एक कान पाण्याकडे, एक माझ्याकडे. मी लगाम सैल सोडला, श्वास सोडला आणि नुसती बसून राहिले. तिने विचार केला, आणि मग पाण्यावरून अशी उसळली की मी थेट तिच्या मानेवर जाऊन बसले. तिथून शेवटच्या अडथळ्यापर्यंत मी मोठमोठ्याने हसत होते. तिसऱ्या फेरीत, उड्यांच्या, दोन दांड्या पाडल्या. अकरावा नंबर, चौदा जणांत. शेजाऱ्यांना सांगताना बाबा तो चौदाचा आकडा गाळतात.

संध्याकाळी तिला धुऊन पुसून तबेल्यात उभी केली. तिने हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली आणि तशीच डुलक्या घ्यायला लागली. खांदा भरून आला, तरी मी हलले नाही. फार बरं वाटत होतं. तेवढ्यात बाबा येऊन म्हणाले, घोडी न्यायच्या गाडीची चौकशी केली आहे, मंगळवारी मिळेल. मास्तरही म्हणाले, पोरीचं सगळं पुढे आहे, देऊन टाका. मी हो म्हणणार यात कुणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती.

म्हणून हे पत्र, ठमे. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून हो निघतं, तू बोलायला लागल्यापासून हेच चाललंय. उत्तर नाही असं आहे. लाजाळू मी देणार नाही. नवा तबेला आणि लांबचा प्रवास तिला सोसणार नाही असं लिहिता आलं असतं, आणि ते खोटंही नाही. पण ते निमित्त झालं असतं आणि तू ते चटकन ओळखलं असतंस. मला ती हवी आहे, एवढंच कारण आहे. तू रागावशील, चार दिवस फोन करणार नाहीस. चालेल. तुझ्यासाठी दुसरा घोडा आपण मिळून शोधू, मास्तर आत्तापासूनच नजर ठेवून आहेत. सुट्टीत ये, लाजाळूवर बस, तिला मनसोक्त पळव, मी कुंपणाशी उभी राहून तुझ्या चुका काढीन. फक्त उतरलीस की लगाम माझ्या हातात दे.

रागावलीस तरी तुझीच,
आई